शनिवारी एवढे मासे कोण खातं? (डॅशबोर्डवरच्या तारखांचा घोळ)

सव्वापाचची_विरार

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी एका मासळी पुरवठादाराकडे एमआयएस, म्हणजे विक्रीचे आकडे आणि रिपोर्ट बघतो. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून माल उचलायचा आणि शहरभरच्या हॉटेलांना, सोसायट्यांना पोचवायचा, असा धंदा. पहाटे तीनपासून अ‍ॅपवर बिलं फाटायला लागतात आणि नऊपर्यंत सगळं आटपलेलं असतं. महिन्याभरापूर्वी मालकांसाठी डॅशबोर्ड केला. वर तारखेचा फिल्टर, ‘आज’, ‘काल’, ‘गेले ७ दिवस’ अशी बटणं, खाली वारानुसार विक्री.

परवा मालकांनी बोलावलं. साठीचे गृहस्थ, जातीचे कोळी, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, मुलगी मोबाइलवर आकडे दाखवते. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "शनिवारी एवढे मासे कोण खातं रे?"

बघतो तर खरंच. शनिवारची विक्री रविवारपेक्षा जास्त! गुरुवार बुधवारच्या वर! मुंबईत मासे विकणाऱ्याला हे दाखवणं म्हणजे एकादशीला कोंबडी. मी एक्सेलमध्ये कच्ची बिलं काढून मोजली. एकूण बिलं जुळतात, रक्कम जुळते, आठवड्याची बेरीजही जवळपास जुळते. फक्त वार चुकतात.

अजून एक गंमत. पहाटे पाचला डॅशबोर्ड उघडला की ‘आज’मध्ये काल सकाळची विक्री दिसते. साडेपाच वाजले रे वाजले की सगळं खाडकन शून्य.

डेटाबेस पोस्टग्रेस, क्लाउडवर. सर्व्हर मुद्दाम मुंबईतलाच घेतलाय, म्हणून टाइमझोनचा प्रश्न नसावा असं मी धरून चाललोय. मग काय असेल?

गणकयंत्र

उत्तर तुम्हीच दिलंय. साडेपाच.

सर्व्हर मुंबईत असला म्हणून त्याचं घड्याळ मुंबईचं नसतं. क्लाउडवाल्यांची मशीन कुठल्याही शहरात असोत, डेटाबेस बहुधा यूटीसीवरच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर (ढोबळपणे ग्रिनिचची वेळ) चालतो आणि ते योग्यच आहे. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. त्यामुळे तुमच्या डॅशबोर्डचा रविवार आपल्या रविवारी पहाटे ५.३० ला सुरू होतो आणि सोमवारी पहाटे ५.३० ला संपतो. रविवारी तीन ते साडेपाच फाटलेली बिलं त्याच्या लेखी शनिवारची.

दिवसा दहा ते सहा दुकान चालवणाऱ्याला हा घोळ जन्मात कळत नाही, कारण त्याचा सगळा धंदा दोन्ही घड्याळांत एकाच तारखेला पडतो. तुमचा निम्मा-अधिक धंदा नेमका त्या साडेपाच तासांत होतो, म्हणून तुम्हाला दिसला. आमच्याकडे रात्री उशिरा चालणाऱ्या एका खानावळीचं असंच होतं. तिथे सहा महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मालक शाकाहारी-मांसाहारी वारांचा हिशोब ठेवत नव्हते.

तपासायला सोपं आहे. पहाटे चारचं एक बिल घ्या आणि डेटाबेसात त्याची वेळ बघा. आदल्या दिवशीचे २२.३० दिसले की समजा.

पंचांगी

म्हणजे तुमचा सर्व्हर उदयतिथी पाळतो. सूर्योदयाच्या आसपास दिवस बदलतो, त्याआधीचं सगळं कालचं. आमच्या आजीला हे अजिबात चूक वाटलं नसतं.

सव्वापाचची_विरार

@पंचांगी 😀😀

@गणकयंत्र, अगदी तसंच आहे. ३.५५ चं बिल आदल्या तारखेच्या २२.२५ ला बसलंय. मी काल क्वेरीत (डेटाबेसातून आकडे मागवायच्या कोडमध्ये) वेळेच्या कॉलममध्ये सरळ साडेपाच तास मिळवले. तर आता तीनचं बिल साडेआठला दिसतंय! वार बहुतेक जुळले, पण संध्याकाळी साडेसहानंतर येणाऱ्या आगाऊ ऑर्डरी उद्यावर उडाल्या. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात.

ठाणेकरीण

दोनदा मिळवलेत. एकदा तुम्ही, एकदा टूलने. तुमच्या रिपोर्टिंग टूलमध्ये कुणीतरी आधीच ‘दाखवताना भारतीय वेळ’ असं सेटिंग करून ठेवलं असणार. ते फक्त दाखवण्यापुरतं असतं, फिल्टर आणि ‘दिवसानुसार गट’ हे मात्र डेटाबेसात यूटीसीवरच होतात. म्हणून पहिल्यांदा वेळ बरोबर दिसायची आणि वार चुकायचा. आता तुम्ही वेळच हलवलीत, तर दिसणारी वेळही हलली.

रूपांतर एकदाच आणि एकाच ठिकाणी करायचं. ती जागा ठरवा, भिंतीवर लिहा. पोस्टग्रेसबद्दल काही गोष्टी सांगते, यातल्या प्रत्येकीवर मी एकेक रविवार घालवलाय.

आधी कॉलमचा प्रकार बघा. टाइमझोनसकटचा टाइमस्टॅम्प (तारीख-वेळेची नोंद) असेल तर ‘ॲट टाइम झोन’ ही आज्ञा एकदा लावून कोलकात्याची, म्हणजे भारताची वेळ मागायची. टाइमझोनशिवायचा असेल आणि आत यूटीसी भरलेलं असेल, तर आधी ‘ही वेळ यूटीसीची आहे’ असं सांगायला एकदा लावायचं आणि मग कोलकात्याला न्यायला दुसऱ्यांदा. एकदाच लावलं तर उलटीकडे जातं. बाराव्या आवृत्तीपासून दिवसाला छाटणाऱ्या फंक्शनला झोन थेट देता येतो, तेही बरं पडतं.

झोनचं नाव ‘एशिया/कोलकाता’ असंच पूर्ण लिहा. ‘आयएसटी’ लिहू नका! पोस्टग्रेसची मूळ यादी आयएसटीचा अर्थ इस्रायलची वेळ असा लावते, यूटीसीच्या दोन तास पुढे. भारताची यादी वेगळी निवडावी लागते. आणि ‘यूटीसी+५:३०’ असंही लिहू नका. ती पॉझिक्स नावाच्या संगणक-मानकाची पद्धत समजली जाते आणि त्यात अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. म्हणजे तुम्ही भारत मागितला की अटलांटिकच्या पलीकडे जाऊन पडता. कसलीही एरर येत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

माहीमकर

इस्रायलचं माहीत नव्हतं. आमच्या रिपोर्टात साडेतीन तासांचा फरक का यायचा ते आज कळलं. दोन वर्षं आम्ही ‘डेटा उशिरा येतो’ म्हणून सांगत होतो.

चकली

मी फ्रंटएंडवाली, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग बनवते. तारीख निवडायचं कॅलेंडर तुम्ही स्वतः बनवलंय की टूलचं आहे? स्वतःचं असेल तर तिथेही बघा. जावास्क्रिप्टमध्ये माणसाने ७ तारीख निवडली की ब्राउझर ‘७ तारीख, मध्यरात्र, भारतीय वेळ’ धरतो. तिला आयएसओ स्ट्रिंगमध्ये (तारीख-वेळ लिहायच्या ठरलेल्या साच्यात) पाठवलं की ती होते ६ तारीख १८.३०, यूटीसी. मग कुणीतरी हुशार माणूस त्या स्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं कापतो आणि सर्व्हरला जाते ६ तारीख. वापरणाऱ्याला स्क्रीनवर ७ दिसते, आकडे सहाचे.

उलटही आहे. नुसती ‘वर्ष-महिना-दिवस’ अशी स्ट्रिंग दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसी धरतं, मागे वेळ जोडून दिली तर स्थानिक. का, विचारू नका.

मी आता तारीख ही तारीख म्हणूनच पाठवते, साधी स्ट्रिंग, तिला वेळ चिकटवतच नाही. ती कुठल्या गावची तारीख हे सर्व्हरने ठरवावं.

सव्वापाचची_विरार

कॅलेंडर टूलचंच आहे, पण अ‍ॅपमधलं आमचं आहे. सांगतो अ‍ॅप बघणाऱ्या मुलाला.

अजून एक विचारायचं राहिलं. महिन्याचा रिपोर्ट काढताना ३१ तारखेची विक्री जवळजवळ शून्य येते. हे पण टाइमझोनच का?

गणकयंत्र

नाही, हा वेगळा रोग. ‘१ ते ३१ च्या दरम्यान’ असं लिहिलं असणार. नुसती ३१ तारीख म्हणजे ३१ ची मध्यरात्र, ००.००. त्यानंतरचा अख्खा दिवस बाहेर. काही लोक २३.५९.५९ लिहितात, मग शेवटच्या सेकंदात फाटलेलं बिल पडतं.

सुरुवात धरा, शेवट सोडा. १ तारखेपासून पुढे आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आत. आणि हे करताना कॉलमला हात न लावता सीमा हलवा. म्हणजे प्रत्येक बिलाची वेळ भारतीय करून तारीख काढण्यापेक्षा, फिल्टरच्या दोन टोकांना यूटीसीत न्या. रविवार हवा असेल तर शनिवार १८.३० ते रविवार १८.३०. कॉलमवर फंक्शन लावलं की साधा इंडेक्स (झटपट शोधायची सूची) उपयोगाचा राहत नाही. लाखभर बिलांत कळणार नाही, कोटीत मालक विचारतील की चाक का फिरतंय.

लोअरपरळ

टूलचं नाव लिहिलं नाहीत, पण मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय असेल तर एक ध्यानात ठेवा. डेस्कटॉपवर ‘टुडे’ आणि ‘नाऊ’ तुमच्या लॅपटॉपची वेळ घेतात, पब्लिश केल्यावर सर्व्हिसमध्ये यूटीसी. आपल्या मशीनवर सगळं छान आणि मालकांच्या मोबाइलवर बिघडलेलं, ते यामुळे. ‘गेले ७ दिवस’सारखा सापेक्ष तारखेचा स्लायसर (स्क्रीनवरचा फिल्टर) तर कायम यूटीसीवरच चालतो, त्याला झोन सांगायची सोयच नाही. पॉवर क्वेरीत यूटीसीची आत्ताची वेळ घेऊन ती ५ तास ३० मिनिटांच्या झोनवर वळवायची आणि तारखांच्या टेबलात ‘आजपासून किती दिवस मागे’ असा कॉलम करून त्यावर फिल्टर लावायचा. स्लायसरला आजचा दिवस विचारायचाच नाही. फक्त डेटा मध्यरात्रीनंतर लगेच एकदा रिफ्रेश व्हायला हवा, नाहीतर तो कॉलम कालचाच राहतो.

गूगलच्या बिगक्वेरी डेटाबेसात आजची तारीख मागताना झोन देता येतो, न दिल्यास यूटीसी. मायएसक्यूएलमध्ये झोनच्या नावाने रूपांतर केलं आणि झोनची टेबलं भरलेली नसली तर नल (रिकामं उत्तर) येतं, मुकाट्याने. ‘+०५:३०’ असा आकडा दिला तर चालतं.

न्यू_जर्सीकर

तुमचं सुख आहे राव. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, त्यामुळे साडेपाच तास कायमचे साडेपाच. आमचं ऑफिस इथे, टीम अंधेरीत, रिपोर्ट एकच. आमची मध्यरात्र म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथला दिवस २३ तासांचा असतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी २५ तासांचा. ‘ताशी सरासरी विक्री’ काढणाऱ्याने दोन्ही वेळा २४ ने भागलं होतं. वर लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे तिघांचं गणित तिसरंच.

म्हणून आकडा नको, नाव लिहा. भारतासाठी फरक पडत नाही, पण उद्या तुमचे मालक दुबईला पापलेट पाठवायला लागले तर?

पंचांगी

अवांतर: भारतातही मागेपुढे झालंय. दुसऱ्या महायुद्धात घड्याळं एक तास पुढे होती, साडेसहा तासांवर. आणि मुंबईने तर प्रमाणवेळ सहजी मानलीच नव्हती. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखावृत्ताची वेळ देशभर लागू झाली, पण हे शहर १९५० च्या दशकापर्यंत ‘बॉम्बे टाइम’ला चिकटून होतं. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. एकाच शहरात दोन घड्याळं, भेटायची वेळ ठरवताना ‘कुठली?’ विचारायचं. आज टाइमझोनच्या यादीत कोलकाता आहे, मुंबई नाही. हरलो आपण.

माहीमकर

@पंचांगी, अवांतर नाही हो, आमच्या कामाचं आहे. ती ३९ मिनिटं नाहीत, पण अर्धा तास आम्हाला नडलाच.

@सव्वापाच, तुमच्याकडे बिलांवरून थेट रिपोर्ट निघतो की मधे तासागणिक बेरजेचं टेबल आहे? आमच्याकडे होतं. यूटीसीच्या तासांप्रमाणे बेरजा करून कच्चा डेटा तीन महिन्यांनी उडवायचे. वेगासाठी. मग कुणीतरी म्हणालं, भारतीय दिवस हवा. भारतीय मध्यरात्र यूटीसीच्या १८.३० ला, म्हणजे १८ ते १९ या तासाच्या बरोब्बर मधोमध. त्या तासाची बेरीज अर्धी आजची, अर्धी उद्याची, आणि ती फोडायला कच्चा डेटा शिल्लक नाही. सिंगापूरवाल्यांना हा त्रास नाही, त्यांचे पूर्ण आठ तास. आम्ही आता पंधरा मिनिटांच्या बेरजा ठेवतो. पंधरा का? नेपाळमध्ये एक गिऱ्हाईक आहे, त्यांचे पावणेसहा तास.

रोजच्या बेरजा ठेवल्या असतील तर प्रश्नच मिटला. त्या कुणाच्या दिवसाच्या होत्या ते कायमचं कोरलं गेलं.

सव्वापाचची_विरार

बाप रे. आहे ना, तासागणिकचं टेबल आहे. कच्ची बिलं सुदैवाने सगळी आहेत. आजच बंद करतो.

मधल्या काळात मालकांना मी अभिमानाने सांगायला गेलो की आता दिवस रात्री बाराला बदलेल. ते म्हणाले, "बाराला कशाला? आमचा दिवस रात्री दहाला सुरू होतो." कारण हॉटेलवाले रात्री दहानंतर उद्याची ऑर्डर फोनवर सांगतात आणि ती तेव्हाच अ‍ॅपवर चढते. शनिवारी रात्री साडेदहाला नोंदवलेली सुरमई रविवारच्या ताटात जाते. मालकांच्या हिशोबी ती रविवारचीच. रात्री आठ-नऊच्या तुरळक ऑर्डरी मात्र त्याच दिवसाच्या धरायच्या, कारण ती शिल्लक मालाची विक्री असते.

तीस वर्षं ते वहीत असाच हिशोब लिहितायत. वहीत नवं पान रात्री दहाला उघडतं. आता काय करू?

ठाणेकरीण

मालक बरोबर आहेत आणि हेच आधी विचारायला हवं होतं. आपण सगळे इथे यूटीसी की भारतीय यावर भांडतोय, आणि ज्याचा धंदा आहे त्याचा दिवस तिसराच. रेल्वेचं नाही का, ००.१५ ची गाडी, १५ तारखेचं तिकीट, आणि माणूस १५ ला रात्री बॅग घेऊन स्टेशनवर. रेल्वे चुकली नाही, प्रवाशाच्या डोक्यातली रात्र दुसऱ्या तारखेची होती.

‘धंद्याची तारीख’ असा वेगळा कॉलम करा. बिल नोंदवतानाच भरा, रिपोर्टात काढू नका. भारतीय वेळेत दोन तास मिळवून तारीख घेतली की रात्री दहाला पान उलटतं. यूटीसीवरून थेट साडेसात तास मिळवायचा मोह होईल, पण नको. पाच वर्षांनी कुणीतरी तो साडेसात बघेल आणि ‘चूक आहे, साडेपाच हवेत’ म्हणून दुरुस्त करेल.

सीए_काका

जरा थांबा. धंद्याची तारीख खुशाल करा, पण बिलाची तारीख बदलायची नाही. बिलावर जी छापली तीच कायद्याची तारीख, ती भारतीय कॅलेंडरची, मध्यरात्री बदलणारी. ताज्या मासळीवर जीएसटी नाही, पण तुम्ही फ्रोझन पाकीटबंद मालही विकत असाल तर त्यावर आहे. महिन्याची विक्री पुढच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ या विवरणपत्रात जाते, आणि तिथे तुमची ‘रात्री दहाची’ गोष्ट कुणी ऐकणार नाही.

मला काळजी ३१ मार्चची आहे. जुन्या डॅशबोर्डवरून कुणी वर्षाची विक्री काढली असेल, तर १ एप्रिलच्या पहाटेची बिलं आदल्या आर्थिक वर्षात बसली असणार, आणि त्याआधीच्या ३१ मार्चनंतरच्या पहाटेची त्याच्याही आदल्या वर्षात. दोन्ही टोकं सारखीच चुकली की बेरीज संशय येणार नाही इतकी जवळ येते. ऑडिटमध्ये असले आकडे मला सगळ्यात जास्त छळतात. खातेवही आणि डॅशबोर्ड ताडून बघा.

डॅशबोर्डच्या वर बारीक अक्षरात लिहा: ‘दिवस रात्री १० ते रात्री १०, भारतीय वेळ, कर-हिशोबासाठी नाही’. मला फोन यायचे थांबतील.

सव्वापाचची_विरार

काका, लिहिलं. तुमचंच वाक्य टाकलं.

अपडेट देतो. दोन कॉलम केले: बिलाची तारीख आणि धंद्याची तारीख. जुनी सगळी बिलं परत चालवून घेतली, तासाचं टेबल उडवलं, क्वेरीतले माझे साडेपाच तास काढले, टूलमधलं सेटिंग कुणी केलं ते शोधायला गेलो तर मीच केलं होतं, ऑगस्टमध्ये. असो.

निस्तरताना आणखी एक सापडलं. न पोचलेल्या ऑर्डरींची ‘पोचल्याची वेळ’ १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० अशी येत होती. रिकाम्या जागी शून्य भरलेलं, आणि शून्य म्हणजे युनिक्सचा आरंभ (संगणक जिथून सेकंद मोजतो तो क्षण), त्यात आपले साडेपाच तास. सरासरी पोचवण्याचा वेळ म्हणूनच उणे पंचवीस वर्षं का काहीतरी यायचा, मी तो रकाना लपवून ठेवला होता.

आज सकाळी मालकांना दाखवलं. शनिवार खाली, रविवार वर, बुधवार-शुक्रवार जागेवर. मुलीच्या हातातला मोबाइल त्यांनी पहिल्यांदाच स्वतः घेतला. बराच वेळ बघत होते. म्हणाले, "आता बरोबर. पण ह्या रविवारी पापलेट एवढं कमी का गेलं?"

मी परत सगळ्या क्वेऱ्या तपासल्या. सीमा बरोबर, झोन बरोबर, बिलं एकेक मोजली. आकडा खराच कमी आहे. काय सांगू त्यांना?

पंचांगी

त्या रविवारी संकष्टी होती हो. आणि ती चंद्रोदयाला सुटते, हे तुमच्या सर्व्हरला कळू देऊ नका.